मोदक निर्दोष, विहिरीचं मात्र बघायला हवं

पत्र (थोडक्यात)

आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. गणपतीला चाकरमानी मंडळी धरून घरात २१ माणसं होती. चतुर्थीला दुपारी दीडला मोदकाचं जेवण झालं. नारळ खवताना माझं बोट कापलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काहींनी आदल्या दुपारच्या भाताला फोडणी देऊन खाल्ली, आणि साडेदहाच्या सुमारास पाच मुलं आणि दोन मोठी माणसं ओकायला लागली. संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले. 'हाताला जखम असताना मोदक वळलेच कशाला?' हे मी अजून ऐकते आहे. डोंबिवलीच्या दिरांना साखर आहे, त्यांनी मोदक खाल्लाच नाही, तरी तेही ओकले.

विसर्जनानंतर बांगडे आणले. जेवून अर्धा तास होतो न होतो तोच नणंद आणि आणखी तिघांचे चेहरे लालभडक झाले, डोकं ठणकायला लागलं, अंगावर गांध्या उठल्या. बांगडे उष्ण पडले असं ठरलं. मग साधारण चार आठवड्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला कावीळ झाली आणि त्याच आठवड्यात डोंबिवलीच्या पुतण्यालाही. सासूबाई म्हणतात ती मुंबईहून आली, डोंबिवलीचे म्हणतात तुमच्या विहिरीतून आली. विहीर आजेसासऱ्यांनी खणलेली, पाणी काचेसारखं. वरच्या अंगाला शेजाऱ्यांनी मे महिन्यात नवीन संडास बांधला, त्याचा शोषखड्डा विहिरीपासून २५ फुटांवर असेल. मामंजी विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकू देत नाहीत, म्हणतात मासे मरतील. एक माणूस आरओ मशीन घ्या म्हणून मागे लागलाय. दिवाळीनंतर आमच्याकडे पर्यटक उतरतात. चूक कुणाची झाली आणि आता काय करू? माझी जाऊ सहा महिन्यांची गरोदर आहे, तीही गणपतीला इथेच होती. नाव-गाव छापू नका.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही पत्रात वेळा लिहिल्यात, त्याबद्दल आधी शाबासकी. कोण किती वाजता जेवलं आणि किती वाजता ओकलं, हे दवाखान्यात सहसा कुणी सांगत नाही. 'काल बाहेरचं खाल्लं' नाहीतर 'पाणी लागलं' एवढ्यावर विषय मिटतो आणि खापर फुटतं ते घरात ज्याचं कुणी ऐकून घेत नाही त्याच्या डोक्यावर. अन्नापाण्यातून होणाऱ्या प्रत्येक आजाराचं घड्याळ वेगळं असतं. ते लावून पाहिलं तर तुमच्याकडे गणपतीत तीन निरनिराळ्या गोष्टी घडल्या, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

तुमचा जीव मोदकात अडकलाय, म्हणून तिथून सुरुवात करते.

कापलेल्या बोटावरचा संशय अगदीच खुळा नाही. जखमेत, पिकलेल्या फोडात, निरोगी माणसाच्या नाकातसुद्धा स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असतात. तयार पदार्थात ते हातातून गेले आणि पदार्थ तासन्‌तास तसाच बाहेर राहिला, तर ते त्यात विष तयार करतात. हे विष पुन्हा उकळूनही जात नाही. पण असलं विष पोटात गेलं की अर्ध्या तासापासून फार तर आठ तासांत माणूस ओकतो. तुमचे मोदक दीडला पोटात गेले आणि उलट्या झाल्या दुसऱ्या दिवशी साडेदहाला, म्हणजे २१ तासांनी. शिवाय बोट कापलं ते नारळ खवताना. त्यानंतर सारण शिजलं, मोदक उकडले आणि लगेच पानात पडले. आणि तुमच्या बाजूचे साक्षीदार आहेत डोंबिवलीचे दीर. ज्याने मोदक खाल्लाच नाही तो मोदकाने कसा ओकेल? सासूबाईंना हे एवढंच विचारा. (पुढच्या वेळी बोटाला पट्टी बांधून वर हातमोजा घाला, किंवा वळायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा. ते वेगळं.)

ओकलेल्या मंडळींनी सकाळी आठला काय खाल्लं, ते तुम्हीच लिहिलंय. फोडणीचा भात.

तांदळाच्या दाण्यावर बॅसिलस सेरियस या जंतूची बीजं असतात. भात शिजला तरी ती मरत नाहीत. मोठ्या टोपातला, झाकण घातलेला भात मधोमध रात्रीपर्यंत कोमट असतो आणि त्या उबेत ही बीजं जागी होतात. विष तयार होतं, आणि ते फोडणीच्या कढईत जात नाही. भात आंबलेला नसतो, वासही येत नाही. खाल्ल्यावर अर्धा तास ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि दिवसभरात थांबतात. तुमच्याकडे अडीच तासांत सुरू झाल्या, संध्याकाळी थांबल्या. उलटी तपासली नाही तेव्हा शपथेवर सांगता येणार नाही, पण इतकी चपखल हकिकत क्वचित मिळते.

उरलेला भात टाकायला आपला हात धजत नाही, आणि टाकू नयेच. जेवणं उरकली की तो परातीत पसरा, वाफ गेली की पसरट डब्यांतून फ्रिजमध्ये घाला. शिजल्यापासून हे सगळं दोन तासांच्या आत व्हायला हवं. गणपतीत फ्रिज हार, दुर्वा आणि केवड्याने भरलेला असतो, मला माहीत आहे. पण फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून माजघरात राहतात, भात राहत नाही. फ्रिजला जागाच नसेल किंवा वीज बेभरवशाची असेल, तर सरळ दोनदा थोडा थोडा भात लावा.

त्या दिवशी सासूबाईंनी मुलांचं पाणी तोडलं, असं पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय. याबद्दल मला जरा रागानेच लिहावं लागेल. उलटी-जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीने मरत होते आणि शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. आज पाकिटात मिळतं ते ओआरएस याच जातीचं. एक पाकीट एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं, चिमूट चिमूट पेल्यात नव्हे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात साखर सपाट सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. जुलाब असतील तर मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस झिंकही द्यायचं असतं. जुलाब बंद करायच्या गोळ्या मुलांना देऊ नका. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त पडलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी रिक्षा बोलवा.

आता बांगडे. ते उष्णही पडले नाहीत आणि नणंदेला बांगड्याची ॲलर्जीही नाही, निदान या प्रसंगावरून तरी तसं म्हणता येत नाही.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जंतू त्याचं हिस्टमिन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे सोडतं तेच हे. म्हणून चेहरा लाल होतो, गांध्या उठतात, डोकं ठणकतं, छाती धडधडते, तेही खाल्ल्याबरोबर, काही मिनिटांपासून तासाभरात. तळा, भाजा, कालवण उकळा, हिस्टमिन जात नाही. एकाच घासात चौघांना ॲलर्जी फुटत नाही, तेव्हा दोष त्या माशाचा. कधी कधी असा मासा जिभेला मिरीसारखा चुरचुरतो. तसं लागलं तर घास थुंकून टाका, भीड धरू नका. त्रास बहुधा काही तासांत ओसरतो आणि ॲलर्जीच्या गोळीने आराम पडतो. श्वास लागला किंवा घशात सूज वाटली तर मात्र लगेच दवाखाना.

तुम्ही लिहिता की बांगडे सकाळी आठला टेंपोवरून घेतले, प्लास्टिकच्या पिशवीत स्कूटरला अडकवले, मग बँक, किराणा, रेशन करून घरी यायला साडेअकरा झाले. साडेतीन तास! आपण कोकणातली माणसं कल्ले उलटून बघू, डोळे बघू, पोटाला बोट दाबून बघू, भावात वीस रुपयांवरून मासळीवालीशी वाद घालू, आणि मग तोच मासा उन्हात गावभर फिरवू. हिस्टमिन कल्ल्यात दिसत नाही. म्हणून माशाच्या डोळ्यांइतकंच त्याच्या भोवतीचं बर्फ बघा. मासळीला जाताना झाकणाचा डबा न्या, त्यात बर्फ टाकून मागा आणि मासळी सगळ्यात शेवटी घ्या. पर्यटकांसाठी ठोक आणत असाल तर हे दुप्पट लागू.

पर्यटकांचा विषय निघालाय तर तिसऱ्या आणि कालवांचंही सांगते. ही शिंपली खाडीचं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले जंतू आणि विषाणू त्यांच्या अंगात साठतात. खाडीला गावाचा मैला मिळत असेल तर कावीळही. विळीवर शिपा उघडल्या की त्या कालवणात नुसत्या दाखवून काढू नका, उकळी फुटल्यावर पाचेक मिनिटं चांगल्या रटरटू द्या. वाफवायच्या असतील तर ज्या उघडत नाहीत त्या फेका. खडकावरचं कालव फोडून तिथेच लिंबू पिळून खायची हौस काही पाहुण्यांना असते. त्यांना हात जोडून नाही म्हणा, कुणाला यकृताचं दुखणं असेल तर पाय धरून. आणि ज्या विळीवर मासे चिरले तीच धुतल्याशिवाय काकडीला घेऊ नका.

आता विहीर. इथे मला तुमच्या घरातल्या कुणाचीच बाजू घेता येत नाही.

मुलांमधली कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए या विषाणूची असते. तो पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी चार आठवडे. एक मुलगा गुहागरात, दुसरा डोंबिवलीत, दोघांना एकाच आठवड्यात, गणपतीनंतर चार आठवड्यांनी. दोघांचं समान काय? ते गणपतीचे दिवस आणि तुमच्या घरचं अन्नपाणी. पुतण्या मुंबईहून घेऊन आला असता तर तो आधी पडला असता आणि तुमचा मुलगा नंतर. आलेल्यांपैकी कुणाच्या न धुतलेल्या हातातून स्वयंपाकात गेलं असेल, हीसुद्धा शक्यता राहते. पण २५ फुटांवर आणि तेही वरच्या अंगाला नवा शोषखड्डा आहे म्हटल्यावर मी आधी विहिरीकडे बघेन.

पाणी काचेसारखं आहे यावर मामंजींचा भरवसा आहे. विषाणू काचेसारख्या पाण्यात दिसत नाही. दुसरं, आपली जमीन जांभ्याची. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, आत भेगा, पोकळ्या, पाण्याच्या वाटा. मातीच्या जाड थरातून झिरपताना पाणी थोडंफार गाळलं जातं, जांभ्याच्या भेगेतून ते न गाळता सरळ उतरतं. विहीर आणि शोषखड्डा यांत किमान ५० फूट अंतर असावं म्हणतात. जांभ्यात तेवढंही पुरेल असं नाही. आणि भाद्रपदात जमीन पाण्याने तुडुंब असते. आजेसासऱ्यांच्या वेळी विहीर चांगलीच असेल. तेव्हा वर संडास नव्हता.

जावेबद्दल मात्र आजच फोन करा. हिपॅटायटिस ई नावाची दुसरी कावीळ आहे, तीही पाण्यातूनच येते, साधारण दोन ते दहा आठवड्यांनी. इतरांना ती बहुधा सोडून देते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. घाबरवत नाही, तिला ती झाली आहे असंही म्हणत नाही. मुलाची कावीळ 'ए' की 'ई' हे रक्त तपासून घ्या आणि तिच्या डॉक्टरांना कळवा. भूक मेली, मळमळ थांबेना, लघवी हळदीसारखी झाली, तर तिने एक दिवसही घरी काढू नये. 'ए'ची लस असते, ती 'ई'ला चालत नाही.

मुलाला कावीळ उतरवायला नेलं होतं, नाकात औषध घातलं, असं दिसतं. 'ए'ची कावीळ मुलांमध्ये आपोआप बरी होते, म्हणूनच उतरवणाऱ्यांचं नाव राहतं. नाकात घालायची, पोटात घ्यायची झाडपाल्याची औषधं थांबवा, सुजलेल्या यकृताला तो भार नको. तापाची गोळीही विचारल्याशिवाय नको. झेपेल ते घरचं साधं जेवण द्या. तेल-हळद बंद करायची गरज नाही. मूल बरळायला लागलं, दिवसा झोपेतून उठेना, कुठून रक्त आलं, तर मोठ्या रुग्णालयात न्या. डोळे पिवळे झाल्यापासून आठवडाभर त्याच्या शौचातून विषाणू जातो, तेव्हा संडासानंतर साबण, त्याचाही आणि धुणाऱ्याचाही.

टीसीएलचं माप सांगते. तुमची विहीर तीन मीटर रुंद, पाणी चार मीटर. तीनचा वर्ग नऊ, गुणिले चार, गुणिले ०.७८५: साधारण २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर या हिशेबाने ७० ग्रॅम. ती कोरडी विहिरीत फेकायची नसते. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा कालवा, बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं थांबा. खाली चुन्याचा साका बसतो, तो टाकून द्यायचा. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्यात सोडा आणि खालीवर, आजूबाजूला हलवा. रात्री पाणी भरणं संपल्यावर हे करा. निदान तासभर कुणी उपसू नये. पाणी गढूळ असेल तर हे माप अपुरं पडतं. आणि पावडर ताजी हवी: आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली टीसीएलची पिशवी महिन्या-दोन महिन्यांत नुसता चुना होते. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक क्लोरीन बघायची ओटी चाचणी करून दाखवतील. नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन उरलंय.

मासे मरतील का? मरू शकतात, क्लोरीन त्यांना सोसत नाही. मामंजींचं म्हणणं खोटं नाही. मग तंटा कशाला? विहिरीला हात लावू नका, छपरावरच्या हजार लिटरच्या टाकीत ती अडीच ग्रॅमची निवळ टाका. मासे विहिरीत, क्लोरीन टाकीत.

पण पिण्याचं पाणी त्यावरही उकळा, निदान पुढचा पावसाळा सरेपर्यंत. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात मैला शिरला तेव्हा क्लोरीन वाढवून टाकलं होतं. विषमज्वर वाढला नाही, पण कावीळ सुमारे २९ हजार लोकांना झाली. उकळणं म्हणजे खळखळून उकळी फुटली की एक मिनिट. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही, आणि परसदारी पाणचूल पेटतेच, तिथेच एक पातेलं चढवा. गार झालं की तोटीच्या पिंपात. कळशीत हात घालून तांब्या बुडवला की उकळल्याचं पुण्य संपलं.

आणखी एक, जे बहुतेक घरांतून निसटतं. प्यायला उकळलेलं पाणी आणि सोलकढीला विहिरीचं! नारळाचं दूध काढताना घातलेलं पाणी, ताक, कोकम सरबत, कोशिंबीर धुतलेलं पाणी, बर्फ, हे सगळं न उकळताच पोटात जातं. पर्यटक बाटलीबंद पाणी विकत घेतात आणि तुमच्या सोलकढीच्या तीन वाट्या पितात.

आरओवाल्याला परत पाठवा. आरओ क्षार काढण्यासाठी असतं. जांभ्याच्या गोड्या विहिरीत क्षार मुळात कमी. त्यात पाणीही वाया जातं आणि वीज गेली की यंत्र बंद. खाडीकाठची मचूळ विहीर असती तर मी घ्या म्हटलं असतं.

राहिले शेजारी. त्यांच्या अंगणात 'तुमच्या संडासाने आमची पोरं पिवळी केली' म्हणून जाऊ नका, अजून ते सिद्ध झालेलं नाही. आधी पाण्याचा नमुना तपासा. ग्रामपंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलंत की जंतू तपासणीची बाटली कुठून घ्यायची ते सांगतील. ती निर्जंतुक असते, मिनरल वॉटरची रिकामी बाटली चालत नाही. बूच आणि तोंडाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. टीसीएल टाकायचं झालंच तर नमुना त्याच्या आधी घ्या, नाहीतर अहवाल चांगला येईल आणि खड्डा तिथेच राहील. अहवालात मैल्याचे जंतू निघाले तर तो कागद घेऊन मामंजी आणि शेजारी दोघांना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसमोर बसवा. खड्डा हलवायचा, टाकी बांधून घ्यायची की तुमच्या विहिरीचा कठडा आणि वरचं अस्तर पक्कं करायचं, हे जागेवर उतार बघूनच ठरेल. खर्चाची गोष्ट निघाली तर निम्मा देण्याची तयारी दाखवा. डोंबिवलीकरांनाही त्यात ओढा, पाणी तेही पितात.